तालुक्याच्या लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोल: सुरुवात नक्की कुठून करायची?

खाडीकाठ (सोमवार, रात्री ९.१०)

दक्षिण रत्नागिरीतली तालुक्याच्या गावची लॅब डोळ्यासमोर ठेवून विचारतोय. रोजचे ४०-५० पेशंट, दोन डीएमएलटी (लॅब डिप्लोमा) टेक्निशियन, एक सेमी-ऑटो (रक्तातली रसायनं मोजणारं यंत्र), एक थ्री-पार्ट सेल काउंटर (रक्तपेशी मोजणारा), एक सेंट्रिफ्यूज, एक घरगुती फ्रिज. पॅथॉलॉजिस्ट आठवड्यातून ठरलेल्या दिवशी. एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) मान्यतेचा खर्च सध्या झेपणारा नाही. अशा ठिकाणी 'क्वालिटी' म्हणून पहिले तीन महिने काय करावं?

सोबत एक खरं कोडं. एसजीपीटीचा (लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाइम) कंट्रोल, म्हणजे माहीत आकड्याचा तयार नमुना, लेव्हल १ (कमी पातळीचा). स्वतः २० दिवस लावून काढलेली सरासरी ४२, एसडी (सरासरीभोवतीचा नेहमीचा चढउतार) १.५. पाऊस सुरू झाल्यावरचे बारा दिवस असे: ४१, ४१, ४०, ४१, ४०, ४०, ३९, ४०, ३९, ३९, ३८, ३८. कंट्रोलच्या पत्रकावर छापलेली रेंज ३३ ते ५१. म्हणजे 'पास'. तरी खटकतंय. ग्लुकोज, युरिया व्यवस्थित आहेत.

नियमवाला (रात्री ९.३२)

एनएबीएल झेपत नाही म्हणून सोडून देऊ नका. छोट्या लॅबसाठी २०१९ पासून त्यांची एन्ट्री लेव्हल योजना आहे, रूटीन तपासण्यांपुरती. मूळ मानक आयएसओ १५१८९, चालू आवृत्ती २०२२ ची. अर्ज करा वा न करा, त्यातली कलमं समोर ठेवून कागद तयार करायला घ्या: प्रत्येक तपासणीची एसओपी (कामाची लिखित पद्धत), यंत्रांची नोंदवही, तक्रारवही, स्टाफच्या ट्रेनिंगची नोंद. कागद नसेल तर काम झालंच नाही असं धरतात.

चिरेबंदी (रात्री ९.४१)

आणि कागद असेल तर काम झालंच असं धरतात, हीच तर गोची आहे. तीनशे पानांची फाइल शहरातून उतरवून आणलेली, आणि फ्रिजच्या तापमानाच्या तक्त्यावर महिनाभर रोज ४ अंश, एकाच पेनाने, एकाच बैठकीत. एसओपी एका पानाची असू दे, मराठीत असू दे, यंत्राच्या शेजारी भिंतीवर असू दे. आधी कंट्रोल, मग कागद.

सोलकढी (रात्री ९.४४)

रविवारीसुद्धा ४ अंश. रविवारी लॅब बंद असते हो.

लालबूच (रात्री १०.०५)

कंट्रोलच्याही आधी सुई. लॅबच्या चुकांतल्या निम्म्याहून जास्त चुका यंत्रापर्यंत रक्त पोचायच्या आधीच झालेल्या असतात, आणि त्या कंट्रोलला दिसत नाहीत. कारण कंट्रोलला कोणी सुई टोचलेली नसते.

ट्यूब भरायचा क्रम: आधी निळं बूच (सायट्रेट), मग लाल किंवा पिवळं, मग हिरवं, मग जांभळं (ईडीटीए), शेवटी करडं (फ्लोराइड). जांभळी आधी भरून तिच्यातलं थोडं लाल ट्यूबमध्ये ओतलं की पोटॅशियम वर जातं, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फेटेज खाली. पोटॅशियम ७.५ आणि कॅल्शियम ५ असा रिपोर्ट आला आणि पेशंट समोर बसून वर्तमानपत्र वाचतोय, तर ते बहुतेक ईडीटीएचंच काम.

निळी ट्यूब रेघेपर्यंतच. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. अर्धी भरली तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटी लांबते, आणि वॉरफेरिनच्या (रक्त पातळ ठेवणारं औषध) पेशंटचा डोस उगाच कमी होतो.

पट्टा एक मिनिटाच्या आत सोडायचा. 'मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा' हे बंद करायचं, त्यानेही पोटॅशियम चढतं. सिरिंजने काढलं असेल तर सुई काढून ट्यूबच्या भिंतीवरून हळू सोडायचं. सुईतून जोरात दाबलं की पेशी फुटल्याच. लाल ट्यूब किमान ३० मिनिटं उभी ठेवून मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. घाईत फिरवली की सिरममध्ये (गोठलेल्या रक्तावर राहणारं पिवळं पाणी) फायब्रिनच्या तारा येतात आणि फ्लो सेल (यंत्रातली वाचनाची नळी) तुंबतो. मग सगळे इंजिनिअरच्या नावाने शंख करतात.

नवी_स्लाइड (रात्री १०.१२)

करड्या बुचात घेतलं की ग्लुकोज टिकतंच ना? मग दुपारी लावलं तरी चालेल?

लालबूच (रात्री १०.२०)

टिकतं, पण लगेच नाही. साध्या ट्यूबमध्ये पेशी सिरमसकट तशाच ठेवल्या तर तासाला ५ ते ७ टक्के ग्लुकोज उतरतं, आपल्याकडच्या मे महिन्यात आणखी. फ्लोराइड ज्या एन्झाइमला अडवतं (एनोलेज) ते साखळीत बरंच खाली आहे, म्हणून पहिले एक-दोन तास गळती चालूच राहते. १२६ च्या, म्हणजे डायबेटिसच्या रेघेच्या, आसपासचा पेशंट असेल तर तेवढ्यात निदान बदलतं. कॅम्पमधल्या फ्लोराइड ट्यूब बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि जमेल तितक्या लवकर प्लाझ्मा वेगळा करा. आणि ट्यूब आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करायची. पावडर तळाशीच राहिली तर करड्या बुचाला अर्थच नाही.

आलेखवही (रात्री १०.५८)

कोड्याबद्दल. छापील रेंज बाजूला ठेवा. ती वेगवेगळी यंत्रं, वेगवेगळ्या लॅब सामावून घेण्यासाठी रुंद ठेवलेली असते. ३३ ते ५१ म्हणजे तुमच्या एसडीच्या सहापट खाली आणि सहापट वर. तेवढ्यात यंत्र झोपलं तरी पासच होईल.

तुमच्या आकड्यांवर लेव्ही-जेनिंग्ज आलेख काढा: मध्यरेषा ४२, एक एसडीची खालची रेषा ४०.५, दोनची ३९, तीनची ३७.५. आता वेस्टगार्डचे नियम (कंट्रोल कधी नापास ते सांगणारे) लावत चला. पाचव्या दिवसापासून आठव्यापर्यंत सलग चार ४०.५ च्या खाली, म्हणजे '४-१एस' आठव्या दिवशीच मोडला. दहाव्या दिवशी सलग दहा एका बाजूला, '१०एक्स' मोडला. अकराव्या-बाराव्याला दोन सलग ३९ च्या खाली, '२-२एस'ही मोडला. '१-३एस' (एक बिंदू तीन एसडीच्या बाहेर) मात्र अजून शाबूत आहे, आणि बहुतेक लॅब तेवढाच बघतात.

एकच बिंदू उडाला तर बुडबुडा, चुकीचा थेंब, पिपेटची टोपी सैल, असं काहीतरी. सगळे एका दिशेला सरकत चालले तर काहीतरी झिजतंय. तुमचं दुसऱ्या प्रकारचं आहे. लेव्हल २ (जास्त पातळीचा) लावता का? त्याचे आकडे द्या.

चिकटपट्टी (रात्री ११.१५)

४२ चे ३८ झाले म्हणून कोणाचं लिव्हर बिघडलं? डॉक्टर दोघांनाही 'नॉर्मल' म्हणणार. कंट्रोलच्या व्हायलचा दर बघितलाय का? चाळीस पेशंटच्या लॅबला दोन लेव्हल रोज लावणं म्हणजे चैन आहे.

आलेखवही (रात्री ११.३०)

चिकटपट्टी, चैन नाही, पण वाया घालवायचीही गोष्ट नाही. कंट्रोलची पावडर बहुधा ५ मिलीची येते. व्हायल टेबलावर हलकेच आपटायची, बुचाला चिकटलेली पावडर खाली येऊ दे, मग रबर हळूच उघडायचं. मोजून ५.० मिली डिस्टिल्ड वॉटर, सिरिंजने नाही, व्हॉल्यूमेट्रिक पिपेटने. सिरिंजने ४.८ गेलं तर सगळ्या तपासण्या ४ टक्के वर. अर्धा तास अंधारात ठेवायची, अधूनमधून हलकेच गोल फिरवायची. खळखळ हलवून फेस काढला तर प्रथिनं बिघडतात. मग अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या दहा कुप्या उणे २० ला. रोज एक काढायची, पूर्ण वितळू द्यायची, उरलेली फेकायची. परत गोठवायची नाही. पत्रकात कुठल्या तपासणीला किती दिवस दिलेत ते बघा. बिलिरुबिन उजेडात घटतं, अल्कलाइन फॉस्फेटेज उलट पाणी घातल्यावर काही तास चढत राहतं.

रोज एक लेव्हल सकाळी पेशंटच्या आधी आणि दुसरी दिवसाआड, असं तरी करा. एका व्हायलमध्ये दहा दिवस निघाले की पेशंटमागे किती पैसे पडले ते स्वतःच मोजा.

मालवणी_लेन्स (मंगळवार, सकाळी ७.५०)

ता सगळा खरा, पण लाइटच नसली तर कंट्रोल खय ठेवतलास?

पावसाळ्यात फीडर गेला की आठ-दहा तास जातात. घरगुती फ्रिजबद्दल थोडं. थर्मामीटर हवेत लटकवू नका. ग्लिसरीन किंवा पाणी भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून मधल्या कप्प्यात ठेवा, मग दार उघडल्याबरोबर आकडा नाचत नाही आणि द्रवाचं खरं तापमान कळतं. २ ते ८ मध्ये आहे का, सकाळी आणि संध्याकाळी लिहायचं. दारातल्या कप्प्यात रिएजंट (तपासणीची रसायनं) नको. खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, लाइट गेल्यावर त्या थंडावा धरतात. फ्रीझरमधले आइसपॅक मात्र रिएजंटला चिकटवू नका. सीआरपी, आरए, एएसओ या तपासण्यांचं लॅटेक्स (गुठळी झाली की पॉझिटिव्ह) एकदा गोठलं की आपोआप गुठळ्या होतात, मग गावातला प्रत्येक माणूस पॉझिटिव्ह. विडालच्या (टायफॉइडची तपासणी) अँटिजेनचंही तसंच. ज्या फ्रीझरला आपोआप बर्फ वितळवायची सोय आहे त्यात आलेखवहींच्या कुप्या ठेवल्या तर त्या रोज थोड्या वितळून परत गोठतात.

आणि अर्थिंग. आपला जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, तेव्हा अर्थिंगला ओल नसते. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा, २ व्होल्टच्या वर असेल तर सेल काउंटरचे प्लेटलेट उगाच वाढलेले दिसतील, कारण विजेचा गोंगाट यंत्र लहान पेशी म्हणून मोजतं. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून एप्रिल-मेमध्ये रोज कळशीभर पाणी ओता. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा हवा, टीव्हीवाला नको.

सोलकढी (सकाळी ८.०२)

डायल्युएंट (रक्त पातळ करायचं पाणी) एकटाच चालवून बघा. प्लेटलेट ३० हजार आले तर रिकाम्या बादलीला डेंग्यू नाही एवढं तरी नक्की.

मालवणी_लेन्स (सकाळी ८.०९)

हसा, पण ती खरी तपासणी आहे. रोज सकाळी बॅकग्राउंड काउंट. यंत्राने दिलेल्या मर्यादेत नसेल तर पेशंट लावायचाच नाही.

घाटवाट (सकाळी ९.२५)

बाहेर पाठवायच्या नमुन्यांचं कोणी बोललं नाही. थायरॉइड, कल्चर, बायोप्सी कोल्हापूर नाहीतर गोव्याकडे जातात. आंबोली, फोंडा, गगनबावडा, आंबा, यांतला एखादा घाट जुलैत दरड पडून बंद होतोच, आणि चार तासांचा प्रवास रात्रभराचा होतो. म्हणून संपूर्ण रक्त पाठवायचंच नाही, सिरम इथेच वेगळं करून पाठवायचं. पोटॅशियमसाठी तर फिरवलेलं नसलेलं रक्त फ्रिजमध्ये ठेवणं सगळ्यात वाईट. थंडीत पेशींचा पंप थांबतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. सिरम लालसर दिसत नाही, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

ट्यूब बर्फाला चिकटता कामा नये, मध्ये पुठ्ठा किंवा कापसाचा थर. आतली ट्यूब, तिच्याभोवती शोषणारा कागद, मग न गळणारी डबी, मग बाहेरचा डबा. नमुन्यांची यादी डब्याच्या बाहेरच्या खिशात, प्लास्टिकमध्ये. आत ठेवली तर बर्फाच्या पाण्यात शाई विरघळते आणि पलीकडे 'एस. सावंत' चारजण निघतात. ट्यूबवर नाव, वय आणि लॅबचा नंबर, या तिन्हीशिवाय नमुना हलवायचा नाही. लेबल ट्यूबला, बुचाला नाही, आणि पेशंट समोर असतानाच.

नवी_स्लाइड (सकाळी ११.४०)

विषय निघालाच आहे तर, डेंग्यू-लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) दिवसांत प्लेटलेट दोन लॅबमध्ये दोन येतात. कोणाचं खरं?

लालबूच (दुपारी १२.१५)

यंत्राचं नाही, काचेचं. १ लाखाच्या खाली कुठलाही आकडा आला की स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) बघायचा. मायक्रोस्कोपच्या ऑइल लेन्सखाली पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात अशा भागात दहा फील्ड मोजा, सरासरीला १५ हजाराने गुणा. यंत्र ४० हजार म्हणतंय आणि फील्डमध्ये दहा-दहा दिसतायत तर स्मिअरच्या शेपटाकडे जा, तिथे गुठळ्या सापडतील. ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेट चिकटतात. सायट्रेटमध्ये परत घ्या आणि आलेला आकडा १.१ ने गुणा, कारण सायट्रेटच्या पाण्याने रक्त पातळ झालेलं असतं. उलटही होतं: लोह कमी असलेल्या बाईच्या लाल पेशी इतक्या लहान असतात की यंत्र त्यांना प्लेटलेट समजतं.

सेल काउंटरचा कंट्रोल महाग आणि उघडल्यावर थोडेच दिवस टिकणारा, हे खरं. पण फुकटचा पहारा आहे: पेशंटचं एमसीएचसी (लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनची दाटी). ते ३२ ते ३६ मध्ये असतं आणि रोगानेही फारसं हलत नाही. दिवसाच्या वीस पेशंटची सरासरी ३३.५ असायची ती ३५.५ झाली, तर पेशंट नाही बदलले, यंत्र बदललंय. आदल्या संध्याकाळचे दोन नमुने फ्रिजमधून काढून सकाळी परत लावणं हाही चांगला उपाय. हिमोग्लोबिन, लाल पेशी जुळायला हव्यात.

सोलकढी (दुपारी १२.२०)

पपईच्या पानांच्या रसाने वाढलेल्या प्लेटलेट १५ हजाराने गुणायच्या की वेगळ्या?

लालबूच (दुपारी १२.२४)

त्या बहुतेक आपोआपच वाढलेल्या असतात.

गावठाण (दुपारी २.१०)

लेप्टोच्या कार्ड टेस्टबद्दल एक ओळ, कारण सिंधुदुर्ग-रत्नागिरीत दर पावसाळ्यात हा घोळ होतो. ती आयजीएम (संसर्गानंतर आधी तयार होणारी अँटिबॉडी) शोधते. ताप येऊन पाच-सात दिवस झाल्याशिवाय ती पुरेशी तयार होत नाही. भातलावणीच्या चिखलातून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी 'लेप्टो निगेटिव्ह' लिहून घरी पाठवलं तर तो कागद घातक आहे. रिपोर्टवर 'तापाचा दिवस: २' असं लिहा आणि 'शंका असल्यास सातव्या दिवशी परत' असंही. डेंग्यूत उलट, पहिले पाच दिवस एनएस१ (विषाणूचं प्रथिन), नंतर आयजीएम. रिक्विझिशनवर (तपासणीच्या चिठ्ठीवर) तापाचा दिवस विचारायला एक रकाना वाढवा, खर्च शून्य. दोडामार्गकडचा ताप असेल तर माकडतापाचा विचार डॉक्टरांना सुचवा. त्याचा नमुना आपल्या बाकावर हाताळायचा नाही, तो सरकारी यंत्रणेमार्फतच जातो.

आणि सरकारी यंत्रणेला हसण्याआधी टीबीच्या स्लाइड बघा. बाहेरच्याने आपली स्लाइड आपला निकाल न बघता परत तपासायची ही पद्धत तिथे चांगली मुरलेली आहे. म्हणून सगळ्या स्लाइड क्रमाने डबीत जपायच्या, फक्त पॉझिटिव्ह नाही. तेल टिपकागदावर निथळू द्यायचं, घासायचं नाही. शंभर फील्डमध्ये १ ते ९ जंतू दिसले तर 'स्कँटी' आणि तो आकडा लिहायचा, १० ते ९९ म्हणजे १ प्लस. 'अंदाजे पॉझिटिव्ह' अशी प्रत नसते.

नियमवाला (दुपारी ३.०५)

हेच तर मी म्हणतोय, बाहेरचा डोळा हवा. बायोकेमिस्ट्रीसाठी वेल्लोरच्या सीएमसीचा ईक्यूएएस (बाहेरून होणारी गुणवत्ता तपासणी) आहे, हिमॅटॉलॉजीसाठी एम्स दिल्लीचा. नमुना येतो, तुम्ही पेशंटसारखाच लावायचा, आकडा पाठवायचा, बाकीच्या लॅबच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात ते कळतं. फरक २ एसडीच्या आत ठीक, ३ च्या पुढे गेला तर कारण शोधून लिहायचं. तोच नमुना पाच वेळा लावून सरासरी पाठवणारे स्वतःलाच फसवतात.

आफ्रिकेत २००९ मध्ये किगालीला सुरू झालेली पद्धत मला आपल्यासाठी जास्त पटते. मान्यता मिळाली किंवा नाही, असं दोन टोकांचं नाही. तपासणी यादीत ५५ टक्के गुण मिळाले की एक तारा, ६५ ला दोन, ७५ ला तीन, ८५ ला चार, ९५ ला पाच. शून्य ताऱ्याची लॅब पुढच्या वर्षी एक ताऱ्याची होते आणि लोक पेढे वाटतात.

चिरेबंदी (दुपारी ३.२०)

हे पटलं. पेढ्यांचंही पटलं.

चिकटपट्टी (दुपारी ४.००)

मूळ रोग कोणी बोलतच नाही. सही कोणाची? २०१७ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच. अख्ख्या तालुक्यात पॅथॉलॉजिस्ट एक. मग कोऱ्या लेटरहेडवर आगाऊ सह्या. तिथे कसली क्वालिटी?

आलेखवही (दुपारी ४.१८)

आगाऊ सहीचं समर्थन कोणीच करणार नाही. पण सही खरी असली तरी ३८ चा ४२ होत नाही. सही करणाऱ्याने आठवड्याच्या भेटीत पहिल्यांदा आलेखाची वही उघडावी आणि त्यावर सही करावी, रिपोर्टवर नंतर. यावर वेगळा धागा काढा, इथे एसजीपीटी अडकलाय.

खाडीकाठ (रात्री ९.३५)

लेव्हल २ चे आकडे: सरासरी ११८ होती, आता ११०. एसजीओटीही (दुसरं लिव्हर एन्झाइम) असाच उतरलाय. युरिया, जो एसजीपीटीसारखा ३४० नॅनोमीटरच्या उजेडावरच चालतो, तो दोन्ही लेव्हलला जागेवर. रिएजंट नवा, त्याचा ब्लँक (नमुन्याशिवायचं वाचन) १.५. नव्या लॉटची व्हायल उघडून बघितली, फरक नाही.

आलेखवही (रात्री १०.१०)

आता मजा आली. लेव्हल १ मध्ये घट साडेनऊ टक्के, लेव्हल २ मध्ये सातच्या जवळ. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

एसजीपीटी तुम्ही फॅक्टरवर (ठरलेल्या गुणकाने) लावता, १७४६. ही जादू नाही. एकूण ११०० मायक्रोलिटरमध्ये नमुना १००, आणि एनएडीएचचा (या तपासणीत खर्च होत जाणारं रसायन) ३४० वरचा ठरलेला गुणांक ६.३, यांचा तो हिशोब आहे. त्या हिशोबात तुमचं पिपेट, तुमचं ३७ अंश आणि तुमचा ३४० चा फिल्टर (तेवढाच उजेड सोडणारी काच) तिन्ही निर्दोष आहेत असं गृहीत धरलंय. युरिया, ग्लुकोज तुम्ही स्टँडर्डवर (माहीत आकड्याच्या द्रावाशी तुलना करून) लावता, तिथे यंत्राचा दोष स्टँडर्डलाही लागतो आणि बराचसा कटतो. म्हणून ते जागेवर दिसतात.

संशयित तीन. एक, १०० चं पिपेट. दोन, फ्लो सेलचं तापमान, एक अंश घसरला तर साधारण ५ टक्के जातात. तीन, फिल्टर. अल्कलाइन फॉस्फेटेज लावून बघा. तोही फॅक्टरवर आहे पण ४०५ वर. तोही उतरला असेल तर तापमान. पण कंट्रोल पाणी घातल्यापासून ठरलेल्या तासांनी लावा, नाहीतर तो आपसूक चढतो आणि तापमानाची घट झाकतो.

मालवणी_लेन्स (रात्री १०.२५)

पिपेटसाठी सराफाकडे जा. १ मिलिग्रॅम दाखवणारा काटा त्याच्याकडे असतो. १०० मायक्रोलिटरचा एक थेंब तोलायला तो अपुरा, पण झाकणाच्या डबीत सलग दहा थेंब टाका: साधारण २८ अंशाला ०.९९५ ग्रॅम भरायला हवं. ०.८ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ०.९८७ ते १.००३. याने सरासरी कळते, थेंबाथेंबातला फरक कळत नाही. टिप आधी दोनदा ओली करून घ्या, नाहीतर पहिला थेंब कमी पडतो. डिस्टिल्ड पाणी आणि पिपेट तासभर त्याच खोलीत ठेवून मग मोजा.

खाडीकाठ (बुधवार, संध्याकाळी ७.४०)

दहा थेंब ०.९९४. (सराफाने विचारलं, कसलं सोनं?) अल्कलाइन फॉस्फेटेज ताज्या व्हायलवर दोन्ही लेव्हलला सरासरीच्या एका एसडीत.

आलेखवही (संध्याकाळी ८.०५)

म्हणजे फिल्टर. दोन लेव्हलमधला फरकही तेच सांगत होता. पिपेट किंवा तापमान चुकलं असतं तर दोन्हीकडे सारखेच टक्के गेले असते. फिल्टरच्या लेपाला कडेने दमट हवा लागून तो सुटतो, त्या फटीतून नको तो उजेड आत शिरतो. एनएडीएच जास्त असताना खरा उजेड अगदी थोडा पोचतो, तेव्हा या चोर उजेडाचा वाटा मोठा होतो. एसजीपीटी कमी असलेला नमुना पूर्ण वेळ त्याच गडद भागात राहतो, म्हणून त्याचं नुकसान जास्त.

खात्री करायची तर सोडियम नायट्राइट ५ ग्रॅम, १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मिळेल. पाण्यावर झीरो करून ३४० वर हा द्राव वाचा. तो ३४० चा उजेड जवळजवळ पूर्ण अडवतो, दिसणारा उजेड सोडतो. यंत्राची रेंज ३ पर्यंत असेल तर चांगला फिल्टर थेट रेंजबाहेर दाखवेल. अलीकडेच कुठे थांबला तर गळती. नंतर फ्लो सेल भरपूर डिस्टिल्ड पाण्याने धुवा. द्राव विषारी आहे, बाटलीवर मोठं लेबल, खाण्याच्या मिठाजवळ नको.

खाडीकाठ (गुरुवार, दुपारी १.१५)

२.४ वर थांबला. फिल्टर काढून तिरका धरला तर कडेला बुरशीसारखी नक्षी. मागवलाय.

मालवणी_लेन्स (दुपारी १.४०)

नवा बसवाल तेव्हा फिल्टरच्या कप्प्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, निळी गुलाबी झाली की तव्यावर मंद भाजून परत. सुट्टीच्या दिवशीही यंत्र तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल पळवते. मायक्रोस्कोपची ऑब्जेक्टिव्हही त्याच पद्धतीने, बंद कपाटात. लघवीच्या पट्ट्यांची बाटली एसीखाली उघडी ठेवू नका हे वेगळं सांगत नाही. सांगितलंच.

नियमवाला (दुपारी २.३०)

आणि बारा दिवसांत दिलेल्या रिपोर्टांचं काय? मानकातला हाच भाग लोक गाळतात.

आलेखवही (दुपारी ३.००)

योग्य प्रश्न. आठव्या दिवशी नियम मोडला, म्हणून निदान तेव्हापासूनचे एसजीपीटी, एसजीओटी संशयित. फ्रिजमधलं सिरम आठवड्याच्या आतलं असेल तर नव्या फिल्टरवर परत लावा. फ्रीझरमधलं नको, पेशंटच्या सिरममधलं एसजीपीटी उणे २० ला टिकत नाही. सगळे नाही, ३४ ते ४० मधले आधी, कारण चाळीसची मर्यादा ओलांडणारे तिथेच आहेत, आणि टीबीची औषधं चालू असलेले. बदल झाला तर नव्या तारखेचा 'सुधारित' रिपोर्ट, जुना आकडा आणि कारण दोन्ही लिहून, आणि डॉक्टरांना फोन. वहीत एक ओळ: काय दिसलं, काय तपासलं, काय बदललं, पुढे कोण बघणार. फिल्टर बदलल्यावर जुनी सरासरी डोळे मिटून चालू ठेवू नका. आधी दोन्ही लेव्हल पाच-पाच वेळा लावून ४२ आणि ११८ ला परत आलेत का बघा.

खाडीकाठ (रविवार, सकाळी १०.५०)

नवा फिल्टर. नायट्राइट रेंजबाहेर. लेव्हल १ पाच वेळा: ४२, ४३, ४१, ४२, ४२. लेव्हल २: ११७, ११९, ११८, ११६, ११८. ३४ ते ४० मधले नऊ नमुने फ्रिजमध्ये होते, तीन चाळीसच्या वर गेले. सुधारित रिपोर्टांवर सही मंगळवारी.

सोलकढी (सकाळी १०.५३)

रविवार आहे. फ्रिज किती अंश?

खाडीकाठ (सकाळी १०.५८)

६. दार आत्ताच उघडलं होतं.